पाण्याच्या दिवशी ओतलेली कॉफी

नंदनवन कॉलनी,
६ एप्रिल २०२५

निशा,

वर 'अनेक आशीर्वाद' लिहून एक कागद वाया घालवला. कुणी मागितले नसताना आशीर्वाद पाठवायचे म्हणजे आगाऊपणाच. म्हणून नुसतं नाव लिहिलं आहे.

मोबाइल असताना पत्र कशाला, असं प्रणय म्हणेल. मोबाइलवर पाठवलं की तू वाचलंस हे मला निळ्या खुणांवरून कळतं, आणि वाचून गप्प बसलीस हेही कळतं. पोस्टाचं बरं असतं. पोचलंच नसेल, अशी मनाची समजूत घालता येते. पाकिटावर माझ्या पत्त्यात 'छत्रपती संभाजीनगर' असं सगळं नीट लिहिलं, तर पिनकोडला जागा उरली नाही. तो कोपऱ्यात आडवा कोंबला आहे.

काम असं आहे. तुझा कॉफीचा जग इथंच राहिलाय. काचेचा, उभा, मधोमध जाळीची नळी असलेला. डिसेंबरात तुम्ही पुण्याला सामान हलवलंत तेव्हा तू लाटणंसुद्धा नेलंस आणि हा तेवढा मागं ठेवलास. प्रणय म्हणतो, विसरली असेल. मी म्हटलं, तुझी बायको विसरणाऱ्यांतली नाही. तो ओट्यावर पालथा होता, तसाच चार महिने राहिला. मीही उचलला नाही, त्याच्या भोवतीनं ओटा पुसत राहिले.

परवा उचलला. रिटायर झालेल्या बाईचा दिवस फार लांब असतो. म्हटलं, कॉफीच तर आहे, त्यात काय मोठंसं. नळीत आपल्या डब्यातली कॉफी चार चमचे घातली आणि वरून पाणी सोडलं. डोळ्यांदेखत सगळी पावडर जाळीतून खाली उतरली. नाथसागर भरला की नळाला जसं गढूळ येतं, तसा जग झाला. तरी हट्टानं दुसऱ्या दिवसापर्यंत फ्रिजमध्ये ठेवली. सकाळी समोरच्या शहजादीला दिली. एक घोट घेतला आणि मला म्हणाली, "रत्ना, ये काफी है के काढा? बीमार तो मैं नई हूं."

तर तू ती कशी करायचीस, एवढं कळव. दोन ओळी पुरेत.

आता त्या दिवसाबद्दल. प्रणयला सांगितलं तेच तुला सांगते. आपल्याकडं नळाला आठव्या दिवशी पाणी. पाण्याच्या दिवशी घरातलं जुनं पाणी उपसायचं, झाडांना घालायचं, भांडी घासायची आणि सगळं नव्यानं भरून ठेवायचं. लग्न होऊन आले तेव्हापासूनचा हा शिरस्ता. त्या सकाळी सातला पाणी आलं, मी घाईत फ्रिजमधल्या बाटल्या काढल्या, त्यांच्याबरोबर तुझा जगही गेला. कढीपत्त्याच्या बुंध्यात ओतला. तू म्हणालीस की वर तारखेची पट्टी लावली होती. मला दिसली नाही. ओलाव्यानं पडली असेल. त्यावर मी तेव्हा काही बोलले असेन, तर शब्द आता आठवत नाहीत.

एका जगभर कॉफीपायी कुणी घर सोडतं का, निशा?

रत्नमाला
(खाली 'आई' लिहायचं का, ते तू सांग.)


१५ एप्रिल

निशा,

उत्तर नाही. ठीक आहे, पोचलंच नसेल.

काल जयंती झाली. सकाळी भडकल गेटला जाऊन आले, ऊन असं की डोक्यावरचा पदर तापला. प्रणयचा 'जय भीम' आला, खाली 'आम्हा दोघांकडून' असं. ते 'दोघांकडून' त्याच्याच पदरचं असणार. लहानपणी प्रगतिपुस्तकावर वडिलांची सहीसुद्धा हाच करायचा.

कॉफीचा दुसरा प्रयोग झाला. गुलमंडीवर एका दुकानात दळून मिळते, ती आणली. वास तर छान होता. पण दळलेली अशी, की थालीपीठ लावावं. पाणी ओतलं तर ते वरच थांबलं. नळी हलवली, ठोकली, चमच्यानं ढवळली. शेवटी जाळीची सगळी भोकं चिखलानं बुजली. प्रणयला फोन केला तर म्हणतो, "आई, जाडसर लागते. पिठासारखी नाही." मागं भांडं ठेवल्याचा आवाज आला, म्हणजे तू ऐकत होतीस. हसलीस का? हसली असशील तर माझी ना नाही.

जाळी घासायला बारीक ब्रश हवा म्हणून ओट्याखालचं तुझं कपाट उघडलं. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. दाराच्या आतल्या बाजूला तुझ्या पट्ट्या दिसल्या.

मला वाटलं होतं, तू त्या फेकून देत असशील. तुला आठवत असेल, ती चिकटपट्टी मीच मेडिकलमधून आणून दिली होती. लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात तू विचारत होतीस, "आई, कॉफी कधी टाकली ते लक्षात कसं ठेवू?" मी म्हटलं होतं, सलाइनच्या बाटलीला आम्ही लावतो तशी पट्टी लाव. कधी सुरू केलं, किती, कधी काढलं. एकतीस वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात मी दुसरं काय केलं? तू शहाण्यासारखी मान डोलावली होतीस. मला वाटलं, सासूचं मन राखायला डोलावली.

सतरा पट्ट्या आहेत. एकाखाली एक, वॉर्डातल्या तक्त्यासारख्या. 'टाकली: ७ जाने., सायं. ६. ८० ग्रॅम / १ लि. काढली: ८ जाने., स. १०. छान.' एकीवर 'कडू, १८ तास नको.' एकीवर 'आईंनी चव घेतली. तोंड वाकडं.' ते वाचून मी तिथंच फरशीवर बसून हसले. मला तो घोट आठवतो. तोंड मी मुद्दाम वाकडं केलं होतं, एवढी वाईट नव्हती.

शेवटची पट्टी गेल्या वर्षीच्या ९ एप्रिलची. त्याखाली दार कोरं आहे. पुढं पट्ट्या लावायचा कंटाळा केलास वाटतं? जग तर त्यानंतरही फ्रिजमध्ये रोज दिसायचा, काळाभोर भरलेला. मे महिन्यात, जूनमध्ये. जूनचं मी लिहीत नाही.

ऐंशी ग्रॅम म्हणजे वाटीनं किती, एवढं तरी कळव. वजनकाटा तू नेलास.

रत्नमाला


२ मे

निशा,

जमली.

शहजादीच्या लेकीनं, आफरीननं, मोबाइलवरून कॉफीच्या बिया मागवून दिल्या. मिक्सरला लावल्या असत्या तर पुन्हा पीठ झालं असतं, म्हणून खलबत्ता काढला. ज्वारीच्या कण्या असतात ना, तेवढं जाड ठेवलं. किराणावाल्याच्या काट्यावर ऐंशी ग्रॅम मोजून आणलं, ते आमटीच्या वाटीनं शिगोशीग एक वाटी भरतं. पाण्याचाही घोळ होता. टाकीतल्या पाण्याला औषधाचा वास, तो कॉफीत उतरतो. म्हणून पाणी उकळून, गार करून घेतलं. नळीत भरड भरली, वरून पाणी हळूहळू सोडलं. आधी ओली होऊ दिली, मग जग भरला. संध्याकाळी पाचला फ्रिजमध्ये. सोळा तास.

एवढा वेळ कशासाठी, हे मला आधी कळायचं नाही. चहा दोन मिनिटांत होतो, तिथं ही बाई एका कपासाठी दुसऱ्या दिवसाची वाट बघते, याचा मला राग यायचा. आता वाटतं, गरम पाण्यानं जे ओरबाडून निघतं ते गार पाणी मागून घेतं. त्याला वेळ लागणारच.

सकाळी नऊला नळी वर उचलली आणि थेंब पडायचे थांबेपर्यंत धरून ठेवली. अर्धा पेला कॉफी, अर्धा पेला गार पाणी. साखरेचा डबा शेजारी घेऊन बसले होते, तो उघडला नाही. कडू आहे, पण जिभेला चावत नाही. तुझ्या हातची अशीच असणार. मी कधी पूर्ण पेला प्यायले नाही.

शहजादीलाही दिली. ती निवांत पीत होती, आणि मी सहज म्हटलं, "पोटुशी असतानासुद्धा हीच पीत होती निशा. मी रोज बघायची जग फ्रिजमध्ये."

शहजादीनं पेला खाली ठेवला. "अगे, कायकू गुनाह लेती? उने तो एप्रिल मेंच काफी छोड दी थी. डाक्टरनी के पास से आयी और सीधा डब्बा मेरेकू ला के दी. 'खाला, आप पिओ' बोली. जग में तो कोकम का शरबत रहता था, उलटी के वास्ते. मैं खुद पी ना. तेरेकू नई मालूम?"

मी फ्रिज उघडून उगाच भाज्या बघत राहिले.

तुझी फाइल अजून माझ्याच कपाटात आहे. पहिली तपासणी ११ एप्रिल. शेवटची पट्टी ९ एप्रिल. आख्खं आयुष्य तक्ते वाचण्यात गेलेल्या बाईला हे पंधरा दिवसांपूर्वीच दिसायला हवं होतं. दिसलंही असेल. मी पुढं वाचलं नाही.

आज एवढंच लिहिते. पुढचं लिहायला हात वळत नाही.

रत्नमाला


२० मे

निशा,

हे पत्र तू पूर्ण वाच. मग फाडलंस तरी चालेल.

शनिवारी औरंगपुऱ्यात भाजी घेत होते. एका म्हातारीनं येऊन हात धरला. गंगापूरकडची, दगडाबाई नाव. मी ओळखलं नाही. ती म्हणाली, "सिस्टर, तुमी मला लई झापलं व्हतं. माझ्या सुनंचं तिसऱ्या महिन्यात गेलं तवा. मी वॉर्डात तिला बोलाय लागले, वझं उचललं, उन्हात गेली, असं. तुमी मला भाईर काढलं. म्हनला, तिची काय चूक नाय, असं आपोआप व्हतं, देहच सोडून देतो. अन् तिला एक शबूद बोललीस तर दारात पाय ठिवू देनार नाय."

मी म्हटलं, असेल, बोलले असेन.

"मंग मी नाय बोलले बगा. लई येळा तोंडावर आलं, पर नाय बोलले. आता दोन लेकरं हायेत तिला. मलाच आई म्हनती." आणि तिनं माझ्या पिशवीत शेवग्याच्या चार शेंगा घातल्या, नको म्हणत असताना.

त्या शेंगा अजून तशाच आहेत. मला त्यांची आमटी करवली नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, हे मी वॉर्डातल्या डॉक्टरांना उद्देशून म्हणायची.

आता ऐक. पट्टी मला दिसली होती.

पडली नव्हती. जगाच्या मधोमध होती, नीट, दोन्ही कडा दाबून बसवलेली. 'टाकली: १६ नोव्हें., सायं. ७. ८० ग्रॅम / १ लि.' खाली 'काढली:' आणि पुढं रिकामी जागा. मी ती चष्मा लावून वाचली. मग नखानं सोलून काढली. आणि मग जग ओतला. पाण्याचा दिवस होता म्हणून नाही. पाण्याचा दिवस होता म्हणून सोपं गेलं, एवढंच. आत जाळीची नळी असलेल्या जगाला शिळं पाणी कोण समजेल? प्रणयनं मानलं, कारण तो माझा मुलगा आहे.

आणि मी काय बोलले ते मला आठवतं, शब्दन् शब्द. तू स्वयंपाकघरात आलीस, पालथा जग बघितलास आणि म्हणालीस, "आई, पट्टी लावली होती." मी भांडी घासत होते. वळलेसुद्धा नाही. म्हणाले, "एकदा भोगलं तेवढं पुरं नाही का?"

पंधरा दिवसांनी तुम्ही गेलात.

मला खरंच वाटायचं का, की कॉफीनं तुझंही गेलं? निशा, मला वाटायचं नाही. मला माहीत होतं. पण २० जूनला दुपारी तू मला तीनदा फोन केलास, आणि माझा फोन लॉकरमध्ये होता. रिटायरमेंटला दहा दिवस उरले होते. वॉर्डात दुसऱ्या कुणाची तरी सून अडली होती, तिचा हात धरून मी उभी होते. प्रणय वाळूजला कंपनीत. तुला रिक्षात घालून शहजादीनं नेलं. मी पोचले तेव्हा सगळं झालेलं होतं. हजार जणींपाशी होते, तुझ्यापाशी नव्हते. मी आले असते तरी ते थांबलं नसतं, हेही मला माहीत आहे. पण दोष कुठंतरी ठेवल्याशिवाय मला घरात वावरता येईना. माझ्याकडं ठेवला असता तर मला पेलला नसता. तो मी तुझ्या जगात ओतून ठेवला. कन्नडच्या शेतातली पोर आणि हिला कसली काळी कॉफी लागते, असं मनात म्हणत राहिले. चार-पाच महिने मी तुझ्याशी गोड बोलत होते आणि आत हे साठवत होते.

तू पहिल्या दिवसापासून ती सोडली होतीस, हे तर मला या महिन्यात कळलं. आणि त्याहून वाईट म्हणजे दारावरच्या पट्ट्यांनंतर एकदम १६ नोव्हेंबर. सात महिन्यांनी. जूननंतर तू केस विंचरायचीस तेही मी आठवण केली तर. त्या शनिवारी तू स्वतःहून उठलीस, बिया आणल्यास, मोजल्यास, पट्टी लावलीस. माझ्या वॉर्डातली पेशंट असतीस तर मी तक्त्यावर लिहिलं असतं की आज पेशंट बरी आहे. मी ते झाडाला घातलं.

ती पट्टी मी फेकली नाही. माझ्या ड्युटीच्या डब्यात, थर्मामीटरखाली होती. या कागदाला खाली चिकटवली आहे. डिंक उडालाय म्हणून टाचणी लावली. 'काढली' पुढची जागा मोकळी आहे. ती भरणं माझ्या हातात नाही.

माफ कर, असं मी प्रणयच्या वडिलांनाही कधी म्हटलं नाही. तुला म्हणते. माफ कर.

परत या असं म्हणत नाही. तेवढा हक्क मी ठेवलेला नाही.

रत्नमाला


७ जून

निशा,

पत्र पोचलं, हे यावेळी माहीत आहे. पोचपावतीचं टाकलं होतं, तुझी सही आली. सहीकडं बघून काही कळत नाही. सरळ आहे, नेहमीसारखी.

परवा पाण्याचा दिवस होता. सगळं उपसलं, सगळं भरलं. फ्रिजमध्ये माझी कॉफी लावलेली होती, अकरा तास झाले होते. बाटल्या काढताना जग बाहेर काढावा लागला. पुसून परत ठेवला, हात लागून पट्टी सुटत होती ती दाबली. शहजादी दारातून बघत होती.

माझ्या पट्ट्या मी तुझ्या दारावर लावत नाही. वेगळ्या वहीत लावते.

उत्तरासाठी लिहिलेलं नाही.

रत्नमाला


२५ जून

निशा,

आज दुपारी पोस्टमन आला. पाकिटावर तुझं अक्षर बघून मी आधी पाणी प्यायले. मग पंखा बंद केला, उडून जाईल म्हणून. मग उघडलं.

पत्र नाही. कोरा कागद आणि त्यावर दोन पट्ट्या.

पहिली माझीच, म्हणजे तुझी, नोव्हेंबरची. टाचणी काढून नीट चिकटवलेली. 'काढली' पुढची जागा तू भरलीस. निळ्या पेनानं. '१७ नोव्हें., स. ७. आईंनी ओतली.'

मी ती किती वेळा वाचली, ते सांगत नाही. चोराच्या मनात चांदणं, म्हणून आधी मला ती शिक्षाच वाटली. मग लक्षात आलं, नोंद अशीच करतात. काय झालं, किती वाजता, कुणाच्या हातून. त्यात शिवी नाही आणि झाकाझाकही नाही. नव्या पोरींना मी हेच शिकवायची की चूक झाली तर आधी तक्त्यावर लिहा, मग पुढचं औषध द्या. लिहिल्याशिवाय पुढचं देता येत नाही.

दुसरी पट्टी नवी आहे. 'टाकली: २८ जून, सायं. ५. ८० ग्रॅम / १ लि. काढली:' आणि पुढं रिकामं.

आज पंचवीस तारीख. अठ्ठावीस अजून उजाडायची आहे. मला वाटलं, तारीख चुकलीस. पण तू तारखा चुकत नाहीस. प्रणयला फोन लावला. तो म्हणाला, "मला काही सांगितलं नाही तिनं. पण काल नवीन जग घेऊन आली, आणि रविवारी सकाळी कुठं जायचं नाही म्हणून मला बजावलंय." मग म्हणाला, "आई, तीन पेले काढून ठेवलेत."

फोन ठेवला आणि बोटांवर मोजलं, जसं काही मला येतच नाही. संध्याकाळी पाच आणि सोळा तास. रविवारी सकाळी नऊ.

मी येते.

शनिवारी दुपारच्या बसनं निघते. उतरायला येरवड्याला लीलाबाई सिस्टरकडं जाईन, आम्ही वीस वर्षं एका वॉर्डात होतो, तिला कळवलंय. तू मला रविवारी नऊला बोलावलं आहेस, शनिवारी नाही. वेळेआधी काढलेली कॉफी पातळ होते, एवढं आता मलाही समजतं. नळी तू उचल. मी हात लावणार नाही. तोंडही वाकडं करणार नाही, झालीच कडू तरी. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, पण तेवढं जमवेन.

तुझा जुना जग आणत नाही. तो इथं असू दे, कपाटाच्या दारावर जागा आहे. ही नोव्हेंबरची पट्टी मी ९ एप्रिलच्या खाली लावली. मधे चार बोटं अंतर सोडलं आहे. तिथं काही लावायचं नाही.

हे पत्र स्पीड पोस्टनं टाकते. शनिवारपर्यंत पोचावं, नाहीतर माझ्या मागून येईल.

एक राहिलं. रविवारी इथं पाण्याचा दिवस आहे. लाइनमनचा निरोप ग्रुपवर आलाय, सकाळी सात ते आठ. या घरात आल्यापासून पाण्याच्या दिवशी मी एकदाही बाहेर नव्हते. जूनमध्ये तुला दवाखान्यात नेलं, त्याच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा तुला एकटीला सोडून मी पाणी भरायला घरी आले होते. तेही लिहायचं राहिलं होतं, आता लिहिलं.

या रविवारसाठी किल्ली शहजादीकडं दिली आहे. म्हणाली, "जा तू. पानी मैं भर लेती."

तू पट्टीवर 'आईंनी' लिहिलंस, म्हणून तशी सही करते.

आई